दोन रेघांमधलं अंतर

सांगलीच्या गावभागात कृष्णेचं पाणी शिरायला लागलं, की आमचे आप्पा चुलीतला कोळसा घेऊन पायरीशी उकिडवे बसायचे. घरातली बाकीची माणसं धान्याची पोती माळ्यावर चढवत असायची, आई देव्हारा हलवत असायची आणि आप्पा मात्र तासातासाला, पाणी जिथं टेकलंय तिथं भिंतीवर एक आडवी रेघ मारत असायचे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हळदीच्या पेढीवर दिवाणजी. मी एकदा विचारलं, "आप्पा, पाणी किती आलं?" तर म्हणाले, "किती आलं ते आंधळ्यालाही कळतंय, पाय भिजलेत. रेघ काय बघतेस? दोन रेघांमधलं अंतर बघ."

मी बघितलं. खालच्या रेघा लांब लांब होत्या, वरच्या दोन एकमेकींच्या जवळ आल्या होत्या. पाणी अजून चढतच होतं. तरी आप्पांनी आत हाक मारली, "फडताळ राहू द्या गं, तिथवर येत नाही आता." आणि आलं नाही.

पुढे मी गणितात एम.एस्सी. केलं आणि ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवलं. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात शेजारची मुलगी सीईटीच्या सरावाची वही घेऊन आली. एका अक्राळविक्राळ फलनाचं डेरिव्हेटिव्ह तिनं अर्ध्या मिनिटात काढून दाखवलं. उत्तर अचूक होतं. मी विचारलं, "हे जे आलं, ते काय आहे?" ती गोंधळली. "काय आहे म्हणजे? डेरिव्हेटिव्ह आहे ना आजी." "ते खरं. पण ते सांगतं काय?" ती वहीकडे बघत राहिली आणि मग प्रामाणिकपणे म्हणाली, "ते नाही विचारत."

तिचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आणि माझ्यासारख्या शेकडो शिक्षकांची आहे. आप्पांनी कोळशानं एका वाक्यात जे शिकवलं, ते मी वर्गात कित्येक वर्षं शिकवलंच नाही. 'पॉवर पुढे आणा, पॉवरमधून एक कमी करा' हा मंत्र पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिला आणि मुलांनी तो पाढ्यासारखा घोकला. मंत्र खरा आहे, पण तो कशाबद्दल आहे हे सांगायचं राहून गेलं.

ते इथं सांगते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. समजा, एके दिवशी सकाळी सहाला पाणी ३८ फुटांवर होतं आणि नऊला ४१ फुटांवर गेलं. तीन तासांत तीन फूट, म्हणजे सरासरी तासाला एक फूट. आता मधल्या नोंदी दोन प्रकारे असू शकतात. पहिल्या प्रकारात सातला साडेएकोणचाळीस, आठला साडेचाळीस, नऊला ४१. म्हणजे वाढ आधी १८ इंच, मग १२ इंच, मग ६ इंच. दुसऱ्या प्रकारात सातला साडेअडतीस, आठला साडेएकोणचाळीस, नऊला ४१. वाढ ६, मग १२, मग १८ इंच. दोन्ही दिवसांची सुरुवात तीच, शेवट तोच, सरासरीही तीच. पण पहिल्या दिवशी नऊ वाजता माणूस चहा टाकतो आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसं नातेवाइकांकडे पोचवायच्या तयारीला लागतो.

हा फरक पातळीत दिसत नाही, सरासरीत दिसत नाही. तो दिसतो नऊ वाजताच्या वेगात. पातळी हे वेळेचं फलन: वेळ सांगा, पातळी मिळते. आणि त्या क्षणी पातळी कोणत्या दरानं बदलते आहे, हे सांगणारी संख्या म्हणजे अवकलज, मुलांच्या भाषेत डेरिव्हेटिव्ह. आलेखावर बघायचं तर त्या जागचा चढ. गाडीच्या डॅशबोर्डावरचा किलोमीटरचा आकडा हे फलन असेल, तर शेजारचा हलता काटा हा त्याचा अवकलज.

आता अवघड भाग. 'नऊ वाजताचा वेग' म्हणजे नेमकं काय? आठ ते नऊची वाढ घेतली तर ती एका तासाची सरासरी झाली. साडेआठपासून घ्या, ती अर्ध्या तासाची सरासरी. आठ एकोणसाठपासून घ्या, तीही मिनिटाची सरासरीच. बरोबर नऊला घ्यायची म्हटली, तर शून्य वेळात पाणी शून्य इंच चढलं, आणि शून्याला शून्यानं भागायला तर आपणच मुलांना बंदी केलेली असते.

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, मिरजेच्या बाजूच्या एका खेड्यातून सायकलीनं येणारा एक मुलगा होता. मी फळ्यावर, छोट्या फरकाला 'एच' म्हणत, व्याख्येवरून उत्तर काढून दाखवत होते. तो उठून म्हणाला, "मॅडम, भागताना म्हणालात की एच शून्य नाही. खालच्या ओळीत एचच्या जागी शून्य टाकलंत. मग तो शून्य आहे का नाही?" वर्ग हसला. मी त्याला म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही. उतरवून घे." तो खाली बसला आणि वर्षभर पुन्हा उठला नाही.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. कारण हीच शंका जॉर्ज बर्कली या बिशपनं १७३४ साली एका पुस्तकात न्यूटनच्या पद्धतीवर घेतली होती: सोयीचं असतं तेव्हा राशी आहे म्हणायचं, अडचण झाली की नाही म्हणायचं, हा कुठला न्याय? न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं, त्यानं ग्रहांच्या कक्षांचा हिशेब लागला, पण या प्रश्नाचं चोख उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. कोशीनं १८२१ मध्ये आणि त्यानंतर वायरश्ट्रासनं 'सीमा' या कल्पनेला नीट पाया दिला, तेव्हा कुठे तो वाद मिटला. युरोपातल्या भल्याभल्यांना ज्यानं शतकभर छळलं, तो प्रश्न एका शेतकऱ्याच्या पोरानं तिसऱ्या तासाला विचारला, आणि मी त्याला गप्प बसवलं.

त्याला काय सांगायला हवं होतं, ते मला आईच्या गोधडीवरून सुचलं. समजा, पाच हात लांब आणि पाच हात रुंद अशी चौरस गोधडी आहे. क्षेत्रफळ २५ चौरस हात. आईला ती जरा मोठी करायची आहे, पण चौरसच राखायची आहे. म्हणून ती दोन लगतच्या कडांना एकेक पट्टी जोडते, आणि दोन पट्ट्या जिथं भेटतात त्या कोपऱ्यात एक छोटं चौकोनी ठिगळ लावते. पट्टी एक हात रुंद असेल तर क्षेत्रफळ ३६ होतं, वाढ ११. पट्टी अर्ध्या हाताची असेल तर वाढ सव्वापाच. अर्ध्यानं भागली की दर येतो साडेदहा. हाताच्या दहाव्या भागाची पट्टी घेतली तर दर १०.१, शंभराव्या भागाची घेतली तर १०.०१. दहा येतात दोन पट्ट्यांचे, कारण प्रत्येक पट्टी पाच हात लांब. वरचा उरलेला चिमूटभर आकडा कोपऱ्यातल्या ठिगळाचा. पट्टी जितकी अरुंद, तितकं ठिगळ नगण्य.

पट्टीची रुंदी कधीच शून्य केलेली नाही, हे लक्षात घ्या. शून्य रुंदीची पट्टी म्हणजे पट्टीच नाही. आपण एवढंच म्हणतो, की दर दहाच्या हवा तितका जवळ आणता येतो. कुणी हटवादी माणूस म्हणाला, "मला हजाराव्या भागाच्या आत आणून दाखवा," तर आपण पट्टी हाताच्या हजाराव्या भागाहून अरुंद घेऊ. तो लाखाव्या भागावर गेला, तर आपणही जाऊ. तो कितीही हटून बसला तरी आपण हरत नाही, आणि दहा सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येबद्दल हा दावा टिकत नाही. म्हणून त्या जागचा अवकलज दहा. एच, म्हणजे पट्टीची रुंदी, शून्य होत नाही. दर कुठं निघालाय ते आपण ओळखतो, आणि तीच 'सीमा'. आणि 'एक्सच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह दोन एक्स' या घोकलेल्या ओळीतला 'दोन' म्हणजे गोधडीच्या दोन पट्ट्या. हे कळलेल्या मुलीला सूत्र विसरायची भीती उरत नाही, कारण विसरलं तर ती पुन्हा शिवू शकते.

या कल्पनेची चाहूल आपल्याकडे फार आधी लागली होती. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त ग्रहाची 'तात्कालिक गती' मांडली. आज आणि उद्याच्या स्थानांची वजाबाकी केली की दिवसाची गती मिळते. पण चंद्र भरभर चालतो आणि त्याची चाल क्षणाक्षणाला बदलते; तिथी नेमकी कधी संपते हे काढायला दिवसाची सरासरी पुरत नाही, त्या वेळची गती लागते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथीपुढे तास-मिनिटं छापलेली असतात, त्यामागे ही गरज आहे. याचा अर्थ सगळं कॅल्क्युलस आपल्याकडेच होतं, असा मुळीच नाही. कोणत्याही फलनाला लागू पडेल अशी सर्वसाधारण पद्धत न्यूटन-लायब्निझ यांचीच. पण 'या क्षणीचा वेग' हा प्रश्न माणसाला गरजेपोटी पडतो, परीक्षेपोटी नाही, हे मुलांना सांगायला भास्कराचार्य पुरेसे आहेत.

सूत्राच्या घाईत आणखी काय काय निसटतं? स्पर्शिकेचंच घ्या. दहावीला आपण शिकवतो, की वर्तुळाला एकाच बिंदूत छेदते ती स्पर्शिका. मूल तेच घेऊन अकरावीला येतं. आणि इथं एक्सच्या घनाचा आलेख भेटतो, त्याची शून्यापाशी काढलेली स्पर्शिका वक्राला सरळ ओलांडून पलीकडे जाते. सरळ रेषेची स्पर्शिका तर ती रेषाच. एक बिंदू कसला, सगळेच बिंदू सामाईक. मग स्पर्शिका म्हणजे काय? पृथ्वी गोल असली तरी आपलं अंगण सपाट दिसतं ना, तसं. वक्राच्या एका बिंदूच्या फार जवळ गेलं की वक्र ज्या सरळ रेषेसारखा दिसायला लागतो, ती त्याची स्पर्शिका, आणि तिचा चढ हा अवकलज. कौलारू घराच्या आढ्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. डावीकडून छप्पर चढत येतं, उजवीकडे उतरत जातं आणि आढ्याच्या कितीही जवळ डोळा नेला तरी ते मोडलेलंच दिसतं. तिथं चढ किती, या प्रश्नाला एक उत्तर नाही, म्हणून तिथं अवकलजही नाही. छप्पर अखंड आहे, गळत नाही, तरीही अवकलज नाही. सांतत्य वेगळं आणि हे वेगळं, हे मला फळ्यावरच्या व्याख्यांनी कधी समजावता आलं नाही. आढ्यानं पाच मिनिटांत समजावलं.

तीच गत शून्याची. अवकलज शून्य आला की मुलं डोळे झाकून लिहितात, 'महत्तम किंवा लघुतम'. एका पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी रात्री थांबलं. तासभर रेघेवर रेघ. शेजारचे काका म्हणाले, "संपलं, झोपा आता." आप्पा झोपले नाहीत. म्हणाले, "थांबलंय. उतरलेलं नाही." पहाटे ते पुन्हा चढायला लागलं. एक्सच्या घनाचा आलेख शून्यापाशी अगदी हेच करतो: चढतो, क्षणभर आडवा होतो, पुन्हा चढतो. म्हणून अवकलज शून्य आला की पुढे काय झालं तेही बघायचं, हा नियम परीक्षेत दोन गुणांचा आहे. आमच्या गल्लीत त्याच्यावर माळ्यावरची पोती अवलंबून होती.

कुणी म्हणेल, की इंजिनिअर होणाऱ्यांनी हे बघावं, इतरांना काय त्याचं? पण पावसाळ्यात आपल्याकडच्या प्रत्येक वर्तमानपत्रात रोज एक चौकट असते. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी; आज साठा इतका, आवक इतके क्युसेक, विसर्ग इतके क्युसेक. यातला साठा हे फलन आहे, आणि आवकेतून विसर्ग वजा केला की उरतो त्याचा अवकलज. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. आवक ५० हजार क्युसेक आणि विसर्ग ३० हजार क्युसेक दिवसभर राहिला, तर धरण दिवसाला साधारण पावणेदोन टीएमसीनं भरतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'आवक घटली', ५० ची ४० हजार झाली. धरणाचं काय झालं? नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी हा प्रश्न बारावीच्या वर्गाला दरवर्षी घालत असे. निम्म्याहून जास्त हात वर जायचे: साठा कमी झाला. अहो, विसर्ग तितकाच असेल तर धरण अजून दिवसाला पाऊण टीएमसीहून जास्त भरतंच आहे. फक्त कालच्यापेक्षा सावकाश. ही मुलं डेरिव्हेटिव्हच्या धड्यात पैकीच्या पैकी गुण घेणारी होती.

महागाईचंही तेच. महागाईचा दर सहावरून चार टक्क्यांवर आला, की लोक विचारतात, "मग स्वस्त काय झालं?" काहीच नाही. १०० रुपयांची वस्तू आधी १०६ ला गेली, मग ११० रुपये २४ पैशांना. दर हा अवकलज आहे. तो घटला तरी शून्याच्या वर आहे तोवर किंमत चढतीच राहणार. सरकार 'दर घटला' म्हणतं, विरोधक 'भाव वाढले' म्हणतात, दोघंही खरं बोलतात, आणि त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या नागरिकाला या दोन रेघा वेगळ्या ओळखता येत नाहीत. हे अज्ञान मला सूत्र विसरण्यापेक्षा जास्त महाग वाटतं.

शिक्षकांची बाजूही मी सांगते, कारण ती माझी आहे. सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. तिथं अर्थावर थांबणारं मूल मागे पडतं आणि शिकवणीवाले त्याला थांबू देत नाहीत. वर्गात ८० मुलं आणि संपवायचा अभ्यासक्रम. त्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाचा अकरावीला 'चढ' जातो आणि 'स्लोप' येतो, 'स्पर्शिका' जाते आणि 'टँजंट' येतो. जुन्या शब्दाला चिकटलेला अर्थ नव्या शब्दाबरोबर येत नाही. तो आणून द्यायला दोन मिनिटं लागतात, आणि मी ती दोन मिनिटंही दिली नाहीत. इंग्रजी शब्द शिकवायलाच हवेत, पण 'स्लोप म्हणजे तुझा दहावीतला चढच' एवढं म्हणायला कोणत्याही मंडळाची परवानगी लागत नाही.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. पहिले आठ तास सूत्राला हात लावू नका. तक्ते द्या: नदीची पातळी, धरणाचा साठा, तव्यावरून उतरवलेल्या भाकरीचं तापमान. वजाबाक्या करू द्या, भागाकार करू द्या, अंतर कमी कमी करत नेऊ द्या. मग सूत्र सांगा. ते तेव्हा मुलांना सुटकेसारखं वाटेल. प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहायला लावा: तासाला इंच, दिवसाला टीएमसी, हाताला चौरस हात. एकक लिहिणाऱ्या मुलाला आपण काय मोजतोय हे विसरता येत नाही. आणि बोर्डाच्या पेपरात एक प्रश्न असा ठेवा, ज्यात काढायचं काहीच नाही. उत्तर दिलेलं असेल. त्याचा अर्थ दोन ओळींत, मराठीत किंवा इंग्रजीत, लिहायचा. परीक्षेत येतं तेच आपल्याकडे शिकवलं जातं, हे मी ३१ वर्षं अनुभवलं आहे. मग अर्थच परीक्षेत आणू या.

शेजारच्या मुलीला मी त्या दिवशी धरणाची चौकट कापून दिली. ती रोज येते, आकडे वहीत उतरवते आणि आदल्या दिवशीच्या आकड्यातून वजा करते. तुमच्याही घरात अकरावी-बारावीचं मूल असेल, तर उद्याच्या पेपरातली चौकट त्याच्यापुढे ठेवा. साठा किती, हे विचारू नका; ते छापलेलंच आहे. विचारा: भरतंय की रिकामं होतंय, आणि दिवसाला किती? उत्तर एककासकट मागा.